एकोणीस पास की अठरा?

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात पास फेकणारा टेट हॅव्लिक हा क्वार्टरबॅक कुचकामी आहे, असं एकदा सिद्ध झालं की ऑर्विल स्टबीच्या पदरात बरंच काही पडणार होतं. मेव्हणा मर्ल गप्प बसला असता, आणि हे लग्नाला एकतीस वर्षं होऊनही एकदाही घडलं नव्हतं. बायकोसमोर, म्हणजे मर्लच्या बहिणीसमोर, ‘मी सांगत होतो की नाही’ असं म्हणता आलं असतं. शिवाय चिमटा हाती आला असता.

चिमटा ही साधी गोष्ट नव्हे. केलर्सबर्गमध्ये सामन्याच्या शनिवारी स्टेडियमबाहेरच्या मैदानात सगळं गाव गाड्यांच्या मागच्या फळ्या पाडून खात-पीत बसतं, आणि ज्याच्या भट्टीवर सॉसेज भाजतात त्याला महापौरसुद्धा अदबीने ‘झालं का हो?’ विचारतो. घरच्या भट्टीचा चिमटा एकोणीस वर्षं मर्लकडे होता. ऑर्विलचं काम कोबी चिरायचं.

ऑर्विलने चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर ट्रक वजन केले होते. ट्रक भरलेला दिसतो, यावर त्याचा विश्वास नव्हता. काटा काय म्हणतो, यावर होता. तोच न्याय त्याने पोरांना लावला. बाविसाव्या रांगेत दुर्बीण घेऊन बसायचं आणि त्या-त्या वर्षीच्या क्वार्टरबॅकने फेकलेला प्रत्येक चेंडू वहीत उतरवायचा. अकरा हंगामांच्या अकरा वह्या होत्या.

“शंभरातले शेहेचाळीस!” तो कोबीवर सुरी आपटत म्हणाला. “शंभर फेकले तर चौपन्न भलतीकडेच! आमच्या काट्यावर असा ट्रक आला असता तर मी फाटकातूनच परत पाठवला असता.”

“सहा सामने, सहा विजय,” मर्ल सॉसेज उलटत म्हणाला.

“ते काय ह्याने जिंकले? पकडणाऱ्यांनी उड्या मारल्या, बचाववाल्यांनी बरगड्या मोडून घेतल्या, आणि विजय ह्या शेंबड्याच्या नावावर?”

“हरलो असतो तर कुणाच्या नावावर घातला असतास?”

ऑर्विलचा आवाज वाढला. “आजच लाव पैज! आज त्याचे निम्म्याहून कमी पास पकडले गेले तर चिमटा माझा.”

“आणि निम्मे किंवा जास्त पकडले गेले तर?”

“तर ह्या भट्टीत माझ्या अकराही वह्या.”

लव्हॉनने नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. “दोघांची मिळून वयं एकशे चाळीस,” ती म्हणाली आणि पाव कापायला लागली.

सामना संपायला आठ सेकंद उरले, तेव्हा ऑर्विलच्या वहीत अठरा फेकलेले आणि नऊ पकडलेले होते. बरोब्बर निम्मे. त्याला आत्तापासूनच वह्या जळल्याचा वास येऊ लागला होता. केलर्सबर्ग दोन गुणांनी मागे, घड्याळ पळतंय. तेवढ्यात टेटने चेंडू हातात घेतला आणि घड्याळ थांबवायला सरळ आपल्या पायाशी जमिनीवर आपटला, नियमात तशी मुभा असते. घड्याळ थांबलं. किक मारणाऱ्या पोराने पुढच्याच फटक्यात चेंडू खांबांमधून घातला, तीन गुण मिळाले आणि केलर्सबर्ग एका गुणाने जिंकलं. आजूबाजूची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. ऑर्विल एकटाच खाली वाकून वहीत लिहीत होता: एकोणीस.

“अठरा!” ऑर्विलने भट्टीपाशी येऊन वहीतला शेवटचा, आपटलेला चेंडू दाखवताच मर्ल ओरडला. “जमिनीवर आपटलेला चेंडू पास कसा? तो कुणाला फेकला होता? गांडुळाला?”

“पुढे गेला, खाली पडला, कुणी पकडला नाही. पास हुकला!”

“अरे, त्याच चेंडूने घड्याळ थांबलं! त्यानेच जिंकलो आपण! आणि तूच त्याला नापास करतोस?”

“मी नाही करत. नियम करतो.”

शेजारच्या गाड्यांवरची माणसं उठून आली. दंतवैद्य ‘अठरा’वाला निघाला, पाद्री ‘एकोणीस’वाला. पाद्र्याला गेल्या रविवारच्या प्रवचनात किती जण झोपले होते ते दंतवैद्याने मोजून सांगितलं. सॉसेज काळी पडली. अशात टेट हॅव्लिक स्वतःच, ओल्या केसांनी, आईची गाडी शोधत आला, आणि दोघांनी त्याचे दोन दंड धरले.

“बाळा, खरं सांग, तो पास होता का?”

पोरगा घाबरला. “सर, मी तो जमिनीला दिला. आज नेम बरोबर लागला तो तेवढ्या एकाचाच.”

मर्ल हसला, पण लव्हॉनने तोवर फोनवर कॉलेजचा अधिकृत तक्ता उघडला होता. “एकोणीस,” तिने वाचलं. “नऊ पकडलेले. आपटलेलाही धरतात म्हणे.”

मर्लचे कान लाल झाले. “अन्याय आहे हा! पोरावर उघड उघड अन्याय!” असं म्हणत त्याने ॲप्रन सोडला, चिमटा ऑर्विलच्या हातात दिला आणि पुढच्या शनिवारची तिकिटं कुठे आहेत ते बहिणीला विचारलं. सगळं जरा घाईनेच.

पुढच्या शनिवारी महापौराने ऑर्विलला ‘झालं का हो?’ विचारलं. ऑर्विलने त्याला तीन मिनिटं उगाचच ताटकळत ठेवलं. मग स्टेडियमचा भोंगा वाजला, माणसं निघाली आणि ऑर्विलही वही घेऊन निघाला.

“कुठं चाललात?” पार्किंगवाल्या डॉर्लाबाईंनी नारिंगी काठी आडवी धरली. “पेटती भट्टी सोडून जायचं नाही.”

“मग मर्ल कसा जायचा? तो आत खाली कठड्याशी उभा राहून बघायचा की!”

“मर्ल? एकोणीस वर्षांत आत पाऊल टाकलं नाही त्यानं. इथं स्टुलावर बसायचा. आत आरडाओरडा झाला की मान वर करायचा, आणि शेवटी मलाच विचारायचा, जिंकलो का?”

ऑर्विल स्टुलावर बसला. वारा फिरला आणि सगळा धूर त्याच्याकडे आला.

तीन तासांनी मर्ल परतला तो लालबुंद होऊन. “बाविसातले आठ! मी बोटांवर मोजलेत! एक तर सरळ बँडवाल्याच्या तुतारीत! हा क्वार्टरबॅक? ह्याच्या जिवावर आपण—”

“जिंकलो का?” धुरातून आवाज आला.

“जिंकलो, पण—”

“मग पोराला नावं ठेवायची नाहीत. आठ सामने, आठ विजय. बस, कोबी चीर.”

त्या पैजेत मर्लला बाविसाव्या रांगेतली खुर्ची मिळाली, लव्हॉनला शेजारी बोलणारं माणूस, आणि टेटला तीन सॉसेज, त्यातलं एक न करपलेलं. ऑर्विलला चिमटा मिळाला. त्यापायी गेली ती भट्टीवर होरपळलेली उजवी भुवई आणि हंगामाचे उरलेले घरचे सामने. भुवई नाताळपर्यंत परत आली.