तेक हुआतचं नाक आणि मॉलमधला लाक्सा

तेक हुआतने पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं पाण्याचा वास घेण्याचं काम केलं होतं. पाण्याला वास नसतो असं कोणी म्हटलं, की तो नुसता हसे. "तुम्हाला येत नसेल," तो म्हणे. अशा नाकाचा माणूस खाण्याच्या बाबतीत अख्ख्या पिनांग बेटाचा सरन्यायाधीश झाला यात नवल नव्हतं. नेमणूक त्याची त्यानेच केली होती.

त्याची बायको ग्वात सिम हिला मात्र त्या आठवड्यात वेगळाच घोर लागला होता. तिची थोरली बहीण सॉ इम सिंगापुरात नोकरी करून निवृत्त झाली होती, एकटी राहत होती, आणि चार दिवसांसाठी पिनांगला आली होती. तिने कायमचं परत यावं म्हणून ग्वात सिमने मॉलसमोरच्या इमारतीत एक फ्लॅट हेरून ठेवला होता. दलाल शनिवारपर्यंतच थांबणार होता.

"यायला काही नाही गं," सॉ इम म्हणाली. "पण इथे खाऊ काय? पिनांगच्या खाण्यात पूर्वीचा दम राहिला नाही, असं सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे सिंगापूरचे," तेक हुआत म्हणाला. "ताई, उद्या तुम्हाला आयर इतामला आह कुनच्या गाडीवर मासळीचा आंबट लाक्सा खायला नेतो. मग बोला."

"त्या गटाराशेजारी? या उन्हात? माझे गुडघे बघा आणि मग बोला. मॉलमध्ये जाऊ. तिथे सगळ्या गाड्यांवरचे पदार्थ एका छताखाली मिळतात, आणि गारही असतं."

तेक हुआतच्या मते मॉलमधला लाक्सा म्हणजे सर्कशीतला वाघ. पट्टे तेच, पण कोणी घाबरत नाही. तो खाऊन ताई परत येणं शक्यच नव्हतं. रात्री त्याने बायकोला बेत सांगितला. आह कुनकडचा लाक्सा बांधून न्यायचा आणि मॉलच्या वाडग्यात ओतायचा.

"आणि इथे राहायला आल्यावर ती रोज मॉलमध्ये जेवायला गेली तर?"

"आधी येऊ तर दे."

शनिवार दोन दिवसांवर होता. ग्वात सिमने दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, खात्याने निवृत्तीच्या वेळी दिलेल्या चामडी बॅगेत लाक्साच्या दोन पिशव्या घेऊन तेक हुआत मॉलच्या लिफ्टमध्ये उभा होता. एका पिशवीत चिंच आणि मासळीचा रस्सा, दुसरीत जाड शेवया, पुदिना, अननस. लिफ्टमधले लोक आधी एकमेकांकडे आणि मग आपापल्या चपलांच्या तळांकडे बघू लागले. सॉ इमला सर्दी होती, हे नशीब.

दोघी बहिणींना खिडकीजवळ बसवून तो लाक्साच्या काउंटरवर गेला.

"एक लाक्सा. आणि एक रिकामा वाडगा."

"दोघांत एक खाणार का काका?" विकणाऱ्या मुलीने विचारलं.

"नाही."

"मग रिकामा कशाला?"

"तुलना करायला."

"कशाशी?"

सरकारी अधिकाऱ्याला शोभेल अशा शांततेने त्याने ट्रे उचलला. एका खांबामागचं टेबल गाठून त्याने आह कुनचा माल रिकाम्या वाडग्यात ओतला. थोडा रस्सा पँटवर गेला. दोन्ही वाडगे आता जुळ्या भावांसारखे दिसत होते, पण तेक हुआत पद्धतशीर माणूस होता. खरा लाक्सा त्याने ट्रेमध्ये ठेवला, मॉलचा टेबलावर. मग तो पँट धुवायला गेला. मासळीचा डाग सहजासहजी जात नाही. सात मिनिटं लागली.

परत येऊन बघतो, तर ट्रे गायब! टेबलावर एकच वाडगा.

दुसरा कोणी असता तर गडबडला असता. तेक हुआत वाकला, डोळे मिटून त्याने दीर्घ श्वास घेतला. चिंच, मासळी, पुदिना, आणि त्यामागे आह कुनचा चाळीस वर्षांचा हात. शंकाच नको. सफाईवाल्या बाईंनी मॉलचा वाडगा ट्रेमध्ये ठेवून नेला असणार, आणि खरा तसाच सोडला असणार. जाणकार बाई!

वाडगा त्याने दोघी बहिणींपुढे नेऊन ठेवला. सॉ इमने पहिला घास घेतला. मग दुसरा. मग तिसरा.

"तूही घे," तेक हुआत बायकोच्या कानात कुजबुजला आणि स्वतः चमचाभर रस्सा प्यायला. त्याचे डोळे पाणावले. "बघितलंस? याला म्हणतात हात. या मॉलवाल्यांना सात जन्मांत जमणार नाही."

"तेक हुआत, चुकले मी," सॉ इम म्हणाली. "आमची आई करायची तसाच आहे. ग्वात सिम, लाव त्या दलालाला फोन."

ग्वात सिमने डोळे पुसत पिशवीत फोन शोधायला सुरुवात केली.

"फक्त इथल्या माणसांना शिस्त लावायला हवी," सॉ इम पुढे म्हणाली. "मघाशी हात धुवायला गेले, तर त्या खांबामागे कोणीतरी भरलेले वाडगे टाकून गेलेलं. आमच्याकडे ट्रे जागेवर नेऊन ठेवला नाही तर दंड होतो. मला बघवेना, मीच नेऊन ठेवला."

तेक हुआतचा चमचा हवेत थांबला. "ट्रेमधला वाडगा नेलात? की टेबलावरचा?"

"ट्रेमधला. टेबलावरचाही नेणार होते, पण एवढ्या वजनाने मनगट दुखायला लागलं."

ग्वात सिमने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. पलीकडून दलालाने फोन उचलला होता. सत्य सांगण्याची ती वेळ नाही, एवढं तेक हुआतच्या नाकाला बरोबर कळलं.

सॉ इम महिन्याभरात राहायला आली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती तेक हुआतला मॉलमध्ये लाक्सा खायला नेते. मागच्या आठवड्यात, त्याच्या हट्टाखातर, गुडघ्यांना पट्टे बांधून ती एकदाची आह कुनच्या गाडीवरही आली. वाडगा संपवून तिने तोंड पुसलं.

"चांगला आहे," ती म्हणाली. "पण मॉलसारखा नाही."

तेक हुआतने आपला रिकामा वाडगा पुन्हा एकदा हुंगला. वाईट एवढंच, की त्यालाही तसंच वाटलं होतं.