सगळे चिमटे हिरव्यावर

माझ्या वर्गात रागालासुद्धा हक्काची जागा आहे, असं मी शिक्षकखोलीत मान ताठ करून सांगत असे. दुसरीचा वर्ग, चाळीस मुलं, आणि भिंतीवर तीन दोऱ्या ताणलेला लाकडी तक्ता. हिरवी दोरी म्हणजे मजेत, पिवळी म्हणजे उदास, लाल म्हणजे राग आलाय. सकाळी प्रत्येकाने आपल्या नावाचा कपड्याचा चिमटा हव्या त्या दोरीला लावायचा. कारण कोणी विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर आपणहून सांगायचं.

खिडकीजवळ बसणाऱ्या चिमणी नावाच्या मुलीचा चिमटा तीन आठवडे लालवरच होता. तोंडातून अवाक्षर नाही. आज बोलेल, उद्या बोलेल म्हणून मी जिवाचा कान करून बसले होते.

आणि तपासणीच्या आदल्या दिवशी आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, येऊन फर्मावतात काय, तर उद्या सगळे चिमटे हिरव्यावर हवेत! लाल दिसला की तपासणीला येणारे साहेब शेरा मारतील म्हणे. मी सरळ सांगितलं, मुलांना खोटं हसायला शिकवायचं असेल तर हा तक्ताच काढून टाका. त्या गोड हसल्या. त्या गोड हसल्या की काहीतरी शिजतंय, हे बारा वर्षांत मला कळायला हवं होतं.

सकाळी बघते तर चाळीसच्या चाळीस चिमटे हिरव्या दोरीवर, एका ओळीत! पहिल्या मुलाचा दात दुखत होता, त्याला पिवळी हवी होती. चिमटा हलेना. शिपाईकाकांनी बुटाचे तळ चिकटवायचा गोंद लावला होता. मोठ्या बाईंनी ‘पक्कं करा’ म्हणून बजावलं होतं, म्हणून दोनदा. माणूस कामाला चोख.

दारात रांग तुंबली. कोणी पट्टीने खरवडतोय, कोणी दात लावतोय. तेवढ्यात चिमणी सगळ्यांना सारून पुढे आली आणि दोन्ही हातांनी आपल्या चिमट्याला लोंबकळली. तक्ता खिळ्यासकट आणि खिळा गिलाव्यासकट खाली! चिमणी बाजूला झाली म्हणून वाचली. नेमके तेव्हाच साहेब दारात, सोबत मोठ्या बाई.

“मुलं इतकी आनंदात असतात,” मोठ्या बाई म्हणाल्या, “की चिमटे जागचे हलतच नाहीत.”

माझं डोकंच फिरलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मोठ्या बाईंना खोटारड्या म्हटलं. साहेबांना म्हटलं, तुमच्या वहीत शोभावं म्हणून सात वर्षांच्या पोरांची मनं गोंदाने चिकटवलीत, तेही लिहा. टेबलावर हात असा आपटला की खडूंचा डबा उडाला. आवाज चौथीच्या वर्गापर्यंत गेला म्हणे. गेला तर गेला. एक शब्द चुकीचा बोलले नाही, हे आजही ठणकावून सांगते.

दम लागला तेव्हा थांबले. साहेबांच्या पेनाचं टोपण अजून हातातच होतं. चिमणी पुढे आली आणि तिने माझी बाही ओढली.

“बाई, माझी आई पण रोज असंच ओरडते. बाबांवर,” ती म्हणाली. “मग बाथरूममध्ये जाऊन रडते. तुम्ही पण जाणार?”

याच वाक्याची मी तीन आठवडे वाट बघत होते. नाही गं, मी कुठे जात नाही, मी तिला सांगितलं. आणि साहेबांसमोर, मोठ्या बाईंसमोर, चाळीस मुलांसमोर तिथेच उभ्या उभ्या रडले.