नेहमी ते कधीच नाही

बिराजदार सरांना नुसतं ‘हो’ चालत नाही. भाजीवाली म्हणते, “वांगी ताजी हायत.” सर विचारतात, “नेहमी, बहुधा, कधीकधी, क्वचित, की कधीच नाही?” ती म्हणते, “घ्यायची तर घ्या की, सर.” सर वांगी घेतात आणि मला हळूच सांगतात, “उत्तर टाळलं. बहुधा क्वचित.”

सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून ते मोठ्या माणसांचा स्वभाव मोजणारी प्रश्नावली तयार करत होते. ज्याचा स्वभाव, त्यानंच वाचायचं आणि त्यानंच खूण करायची. मी चंद्रपूरकडचा, आठवीत शाळा सुटलेला, इथं सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला. सरांच्या गल्लीत खोली घेतली आणि त्यांना हवा तसा माणूस मिळाला. “तुला कळलं तरच विधान ठेवायचं,” ते म्हणाले.

पहिलंच होतं, ‘प्रतिकूल प्रसंगी माझे भावनिक संतुलन ढळते.’ मी भीतभीत विचारलं, “म्हणजे बस चुकली की डोकं फिरतं, तसं?” सरांनी स्वतःचं खोडलं, माझं लिहिलं. माझं वाक्य कुणी शाईनं उतरवून घ्यायची ती पहिलीच वेळ. मग दर रविवारी चहाला बोलावणं. आईला फोनवर सांगायचो, इथं एक घर आहे जायला.

एकदा त्यांनी कारखान्यात वाटायला कागद दिले. घोळ मी केला. भरलेले कागद सुपरवायझरकडं द्या, असं सांगून बसलो. सगळ्यांनी लिहिलं, राग कधीच येत नाही. कागद भरताना पेनावरून ज्या दोघांची जुंपली होती, त्यांनीही. सर कागद उलटत म्हणाले, “तुमच्याकडं सगळे संतच कामाला आहेत की.” मी शिलाईवाल्या पद्माक्कांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “राग येतो की. पण मालकाच्या दारात कशाला लिहायचा?” हे ऐकून सर खूश. बिननावाचे कागद, बंद पेटी, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

यंदा एका रविवारी म्हणाले, “चाळीस विधानं. झालं.” मी ‘छान’ म्हणालो खरा. काम संपलं म्हणजे माझं येणंही संपलं. पण सर पुढं बोलले, “फेरतपासणी राहिली. पंधरा दिवसांनी त्याच माणसाला तेच विचारायचं. उत्तर तेच आलं, तर मोजमाप पक्कं.”

माझी, कारखान्यातल्यांची, सगळ्यांची उत्तरं तीच आली. सरांनी मला पुन्हा बोलावलं, पुन्हा तीच. चौथ्या खेपेला माझ्यानं राहवेना. “सर, तपासणी तर झाली ना?”

सर साखरेच्या डब्याचं झाकण लावत राहिले. “झाली. पद्माक्का वगैरे कवाच सुटले,” ते म्हणाले. “रविवारी मी आपलं दूध जास्तीचं घेऊन ठेवतो.”

मी पेन घेतलं. ‘परक्या गावात मला करमतं’ यापुढं आजवर ‘क्वचित’ला खूण करायचो. त्या दिवशी ‘बहुधा’ला केली.

सरांनी चष्मा वर सरकवून कागद जवळ धरला. “हे बदललं की रे,” ते म्हणाले. “म्हणजे अजून बघत राहावं लागणार.”

“व्हय, सर.”