हंगेरी, मुक्काम पोस्ट कडा

कचरू गुरुजींना निरोप देऊन झाला होता, एवढीच काय ती अडचण होती. नाहीतर व्हिसा आठ-दहा दिवस उशिरा येणं ही काही आभाळ कोसळण्याची गोष्ट नव्हे.

पण निरोप साधासुधा नव्हता. निवृत्त मुख्याध्यापक कचरू गुरुजी आणि त्यांच्या पत्नी सरूबाई यांना धम्मप्रसाराच्या एका संस्थेने हंगेरीतल्या छोट्याशा केंद्राचे प्रमुख म्हणून तीन वर्षांसाठी नेमलं, तेव्हापासून नांदूरघाटच्या विहारात दुसरा विषय नव्हता. समितीचे सचिव हरिबा यांनी निरोपाला रविवार धरला, कारण रविवारी नोकरदार मंडळी मोकळी असतात. व्हिसाला कोणी विचारलंच नाही. "व्हिसा काय, येतोय की मागून," असं म्हणून हरिबांनी फाट्यापासून विहारापर्यंत सतरा बॅनर लावले. तीन तास भाषणं झाली. हरिबा तर हुंदके देऊन रडले. गुरुजींनी उत्तरादाखल खरं बोलण्याचं महत्त्व पाऊण तास सांगितलं आणि जोडपं जीपमध्ये बसून मुंबईला रवाना झालं.

मुंबईत व्हिसाच्या कार्यालयात खिडकीतली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमचं अजून झालेलं नाही. मॅडमच्या अर्जातलं काहीतरी राहिलंय. त्यांच्या नंबरवर फोन येईल."

गुरुजी पायरीवर मटकन बसले. सरूबाईंनी पिशवीतली बाटली काढून त्यांना पाणी पाजलं.

"आता गपगुमान घरी चला," त्या म्हणाल्या.

"आगं, कोणत्या तोंडानं? सतरा ठिकानी माझं त्वांड टांगलंय तिथं. त्याच्याखालून चालत जाऊ व्हय?"

"मग काय मुंबईत ऱ्हाता?"

मुंबईत राहणं परवडणारं नव्हतं आणि घरी जाणं सोसणारं नव्हतं. शेवटी मधला मार्ग निघाला. लेक रूपाली कड्याला दिली होती. कडा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे कोण येतंय बघायला? आठ दिवस लेकीच्या घरात दडून बसायचं, व्हिसा आला की परस्पर विमानात चढायचं. गुरुजींना ही युक्ती इतकी आवडली की कडा येईपर्यंत ते बसमध्ये शीळ घालत होते.

कड्याला पोचून हातपाय धुतात न धुतात तोच हरिबांचा फोन आला.

"जय भीम गुरुजी! पोचले का सुखरूप?"

"जय भीम! पोचलो, पोचलो."

"कसं हाय तिकडं?"

"थंडी लई हाय."

नोव्हेंबर संपत आला होता, तेव्हा हेही खरंच होतं. फोन ठेवून गुरुजी विजयी मुद्रेने बायकोकडे वळले. "यातला एक बी शब्द खोटा न्हाई."

"खरा बी न्हाई," सरूबाई म्हणाल्या आणि लसूण सोलायला बसल्या.

इथवर निभावलं. पण गावाला नुसत्या आवाजाने समाधान होईना. दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. गुरुजींनी धावत जाऊन पडदे ओढले, जावई प्रवीणचा स्वेटर चढवला, त्यावर कानटोपी घातली आणि मागे कोरी भिंत येईल असे बसले. फोनमध्ये हरिबा, त्यांच्या मागे दहा-बारा माणसं आणि सगळ्यांच्या पुढे शेजारच्या चंद्रभागाबाई दिसत होत्या. दोन मिनिटं झकास गेली. तेवढ्यात घरासमोरून कारखान्याकडे उसाचा ट्रॅक्टर निघाला आणि त्याच्या स्पीकरवरचं गाणं भिंती हलवून गेलं.

"गुरुजी, तिकडं बी उसाचे टॅक्टर हायत?" हरिबांनी डोळे मोठे केले.

"हायत की. शेतीप्रधान देश हाय," गुरुजी बोलून गेले.

हा पहिला निखळ खोटा शब्द. चाळीस वर्षं वर्गात आणि विहारात खरं बोला म्हणून सांगणाऱ्या माणसाच्या तोंडून तो इतक्या सहज निघाला की गुरुजी स्वतःच दचकले. पण एक दगड निसटला की मागचे थांबतात होय? जेवायला काय? पाव. माणसं कशी? उंच. रस्ते? विचारू नका.

"ते सगळं जाऊ द्या गुरुजी," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "मला बरफ दावा. मरायच्या आदी एकडाव बरफ बघायचाय."

आता या इच्छेला नाही कसं म्हणायचं? रूपालीच्या जुन्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात चार बोटं बर्फ साचलेला होता. गुरुजींनी फोनचं तोंड थेट त्यात घातलं.

"आगं बया! किती पांढरंफेक!" चंद्रभागाबाईंनी हात जोडले. मग जरा निरखून म्हणाल्या, "गुरुजी, बरफात मटार उगवतोय व्हय?"

कोपऱ्यातली सोललेल्या मटारची पिशवी गुरुजींच्या ध्यानातच आली नव्हती. नेटवर्क गेलं असं म्हणत त्यांनी फोन बंद केला. प्रवीण स्वयंपाकघराच्या दारात पोट धरून बसला होता. सरूबाई मात्र हसल्या नाहीत.

"अवो, तिथं जाऊन लोकांना काय शिकवायचंय तुमाला?" एवढंच त्यांनी विचारलं.

गुरुजींना ते फार लागलं. आपण त्या कामाच्या लायकीचे राहिलो का, हा किडा त्यांच्या डोक्यात शिरला तो निघेना. दिवसभर ते घरातल्या घरात येरझारा घालत. खिडकीत उभं राहायची सोय नव्हती, दाढीला बाहेर जायची सोय नव्हती. आणि त्यातच हरिबांचा उत्साह उतू गेला. "गुरुजी, येत्या रविवारी सकाळी अकराला तुमचं परदेशातून पहिलं प्रवचन ठेवलंय. मोठा पडदा आनलाय. पाच गावची मानसं येनार. इषय पंचशील!"

नको म्हणायला काही कारण सुचेना. रविवारी अकरा वाजता गुरुजी स्वेटर आणि टोपी घालून कोऱ्या भिंतीसमोर बसले. फोनमध्ये विहार माणसांनी भरून वाहत होता. वंदना झाली. गुरुजींनी पहिलं शील समजावलं, दुसरं समजावलं, तिसरं जरा लांबवलं. मग चौथं आलं. खोटं बोलण्यापासून मी दूर राहीन. नुसतं वाक्य उच्चारायचं होतं. पण गुरुजींची जीभ टाळूला चिकटून बसली. विहारातली माणसं वाट बघत होती. पुढच्या रांगेत चंद्रभागाबाई हात जोडून बसल्या होत्या. त्यांनी तो मटारसुद्धा खरा मानला होता, हे आठवून गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी कानटोपी काढली. स्वेटर काढला. मग उठून पडदा सरकवला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर उभा होता.

"लोकहो, मी हंगेरीत न्हाई," गुरुजी म्हणाले. "मी कड्याला रूपालीच्या घरी हाय. व्हिसा आलाच न्हाई. निरोप घेऊन परत यायची लाज वाटली म्हनून दडून बसलो. चंद्रभागाबाई, तो बरफ फ्रीजमधला हुता. मला माफ करा."

गुरुजी मान खाली घालून उभे राहिले. आता आपलं नाव संपलं, हे त्यांनी मनोमन धरलं.

चंद्रभागाबाई सावकाश उठल्या. "गुरुजी, तुमी बोलले तर मी बी बोलते. तुमच्या दारच्या शेवग्याच्या शेंगा मी रोज तोडते. वाटलं, तीन वर्सं कोन बघतंय."

"मी बी बोलतो," हरिबा पुढे आले. "निरोपाच्या दिवशी मी रडलो न्हाई. डोळ्याला बाम लावला हुता. सचिवानं रडावं असं वाटलं."

कोणीतरी हसलं. हरिबांनी हात वर केला. "आन आनखी एक. तुमच्या घराची किल्ली माझ्याकडं हाय ना, तर पुतनीच्या लग्नाचे पाव्हने तिथंच उतरवलेत. ते बघा, मागं बसलेत."

मागच्या रांगेतली अकरा माणसं उठून उभी राहिली आणि त्यांनी एका सुरात जय भीम घातला. सगळा विहार हसायला लागला. गुरुजींनाही हसू फुटलं, आठ दिवसांत पहिल्यांदाच. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं.

"माझं बी एक हाय," शेजारून आवाज आला.

सरूबाई पदर सावरत फोनसमोर आल्या होत्या.

"मुंबईचा फोन येऊन चार दिस झाले," त्या म्हणाल्या. "माझ्या बोटांचे ठसे मशीनवर उमटले न्हाईत. खुरपून खुरपून झिजलेत. परत द्यायला या, दोन दिसात व्हिसा देतो, म्हनली ती पोरगी. मी गप बसले."

"कावून?" गुरुजींनी विचारलं.

"भ्या वाटलं. तुमी मास्तर, तुमाला बोलता येतंय. तिथल्या बाया मला बघून म्हनतील, ही काय शिकवनार? वाटलं, व्हिसा न आलेलाच बरा."

गुरुजींना चाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट एकदाही विचारायची सुचली नव्हती. तुला यायचंय का, असं. त्यांनी नेमणुकीचं पत्र वाचून दाखवलं होतं आणि लगेच बॅगांची मापं काढली होती.

"मग न्हाई जायचं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई कसं? जायचं!" सरूबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, तिथं मोठी मोठी भाषनं ठोकावी लागतेत. लोकांसमोर खरं बोलायचं, एवढंच काम असंल तर ते मला बी जमतंय. उद्याच्या गाडीनं मुंबईला चला, ठसे देते."

विहारात टाळ्यांचा कडकडाट झाला. हरिबांनी यावेळीही डोळे पुसले, पण आता बोटांना बाम नव्हता.

"गुरुजी," ते ओरडले, "पाचवं शील ऱ्हायलंय. करायचं का पुरं प्रवचन?"

गुरुजींनी आपली खुर्ची ओढली आणि फोनसमोर सरूबाईंना बसवलं. "माझं झालं. आता केंद्रप्रमुख बोलतील."

सरूबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि फोनमधल्या गर्दीकडे एकदा नीट पाहिलं. भीतीचा मागमूस नव्हता.

"बोला," त्या म्हणाल्या. "आनखी कोनाचं काय ऱ्हायलंय?"

विहारात मागच्या बाजूला तीन हात वर झाले.