रेवाताई कासव आणि बाल्कनीची पाळी

एका जंगलात, बालमित्रांनो, समुद्राची फॅशन आली.

समुद्र तिथे आधीपासून होता. जंगल संपलं की वाळू, वाळू संपली की तो. पण तो फुकट होता, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नसे. मग एक दिवस बंदराला पांढरंशुभ्र क्रूझ जहाज लागलं, त्याचं तिकीट निघालं, आणि सगळ्या प्राण्यांना एकदम समुद्र आवडू लागला.

या जंगलात कोल्हेसर राहत. त्यांचा मूळ धंदा बसच्या सहलींचा. त्यांनी लगेच ‘क्रूझ मार्गदर्शन वर्ग’ काढला. सर स्वतः एकदाच पाण्यावर गेले होते. खाडी ओलांडायला, होडीतून, डोळे घट्ट मिटून. पण मुलांनो, तुम्ही मोठे झालात की तुम्हाला कळेल, अनुभवी प्राणी फार कमी बोलतो. तसल्याला घेऊन वर्ग चालत नाहीत.

वर्ग तुडुंब भरे.

"बुकिंग लवकर करा," सर सांगत. "आणि उशिराही करा. उशिरा केलं की स्वस्त पडतं."

"मग नक्की कधी करू?" घोरपडकाकू विचारत.

"माझ्याकडे करा. खोली जहाजाच्या मधोमध घ्या, खालच्या मजल्यावर. तिथे हलत नाही."

"पण तिथून समुद्र दिसतो का हो?"

"नाही."

"मग?"

"मग बाल्कनीची घ्या."

"ती हलते ना?"

"मग आवळासुपारी घ्या, काकू!"

सगळा वर्ग माना डोलवी. शंकेचं असं समाधान झालं की किती बरं वाटतं.

पहिल्या बाकावर रेवाताई कासव बसत. होय, समुद्रातल्याच कासव. त्यांचा जन्म शिंपलबेटावरचा. त्यांच्या आईचा, आजीचाही तिथलाच. आता रेवाताईंच्या पोटात अंडी भरली होती, आणि ती शिंपलबेटाच्या वाळूतच घालायची होती. कासवांचं तसंच असतं. जिथे जन्म झाला तिथेच परत जायचं. दुसरीकडे अंडी रुजत नाहीत, असं त्यांची आई सांगायची. आई पोहत जायची. रेवाताईही दर वेळी पोहतच गेल्या होत्या.

पण या वर्षी घोरपडकाकूंनी त्यांना बाजारात गाठलं.

"अगं रेवा, तू अजून पोहत जातेस?"

"हो. का?"

"नाही, काही नाही. आपलं विचारलं." काकूंनी आवाज खाली आणला. "आमच्या नात्यात आता कुणी पोहत नाही गं. चांगलं दिसतं का ते? एवढी शिकलीसवरलीस. आणि ते जहाज शिंपलबेटावरूनच जातं, सरांनी सांगितलंय."

झालं. रेवाताईंना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या वल्ह्यासारख्या पायांची लाज वाटली. त्यांनी तिकीट काढलं.

सगळी सहल पिवळ्या टोप्या घालून जहाजावर चढली. पिवळी टोपी ही कोल्हेसरांच्या सहलीची खूण. जहाजावर पोहायचा तलाव होता. त्यात पोहायला आधी नाव नोंदवावं लागे. चोवीस तास जेवण होतं, त्यामुळे बरेच जण चोवीस तास जेवले. समुद्र सगळ्या बाजूंनी होता, पण जेवणाच्या दालनाचे पडदे ओढलेले होते. ऊन येतं ना.

आता खरी गंमत ऐका. बसच्या सहलीत कोल्हेसरांचा एक नियम होता. रोज सकाळी प्रत्येकाने एक रांग पुढे सरकायचं, म्हणजे पुढची सीट सगळ्यांना मिळते, कुणावर अन्याय होत नाही. हा नियम सरांनी जसाच्या तसा जहाजावर आणला. सहलीच्या खोल्या पुष्कळ, बाल्कनी एकाच खोलीला. म्हणून रोज सकाळी प्रत्येकाने सामान उचलायचं आणि एक खोली पुढे सरकायचं. सहल चार दिवसांची आहे आणि खोल्या त्याच्या कितीतरी पट, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. समता होती. समतेत हिशेब कसला काढता?

"माझे दात कुठे गेले?" पहिल्याच सकाळी साळिंदरकाका ओरडले.

"तुमचे दात पुढच्या खोलीत गेले, काका," सर म्हणाले. "तुम्हीच मागे राहिलात."

काकांच्या आधीच्या गादीवर एक ससा झोपायला गेला आणि काटे टोचून ताडकन उठला. पण त्याने तक्रार केली नाही. सहलीत तेवढं चालतंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिंपलबेट दिसलं.

रेवाताई डेकवर धावल्या. कासव धावत नाही म्हणतात, पण तुम्ही अंड्यावर आलेल्या कासवाला बघितलेलं नाही. तीच वाळू. तोच काळा खडक. त्यांना वाटलं, आता आजच. उद्यावर नेणं शक्य नाही.

किनाऱ्यावर न्यायला लहान होड्या आल्या. होड्यांत जागा निम्मीच. कोल्हेसरांनी शिट्टी वाजवली.

"आज पहिला गट उतरेल. रेवाताई, तुम्ही दुसऱ्या गटात. तुमची पाळी उद्याच्या बेटाला."

"उद्याचं बेट कसलं आहे?"

"एकदम सुंदर. पूर्ण सिमेंटचं. मोठा बाजार आहे, एसी आहे."

"सर, मला वाळू लागते. माझे दिवस भरलेत. मला आजच उतरायला हवं."

"ताई, एकीला सोडलं की उद्या सगळ्यांनाच अंडी घालायची असतात."

रेवाताई साळिंदरकाकांकडे वळल्या. काका पहिल्या गटात होते, हातात घडीची छत्री घेऊन.

"काका, तुमची पाळी मला द्या ना. मी हात जोडते."

"हे बघ बाळ, देतो म्हटलं तर देता येईल. पण आजवर चार सहली केल्या, कुणाकडे काही मागितलं नाही मी."

"तिथे तुम्ही काय बघणार आहात?"

"काही नाही."

"मग?"

"पाळी आहे ना माझी!"

घोरपडकाकूंना वाईट वाटलं. त्या पहिल्याच गटात होत्या, पण त्यांनी आदल्या दिवशीच नवी चप्पल खास वाळूसाठी घेतली होती. त्यामुळे वाईट वाटण्यापलीकडे त्यांना काही करता आलं नाही.

"असं करा," कोल्हेसर समजुतीने म्हणाले, "वरच्या डेकवर मुलांना खेळायला वाळू आहे. तिथे उरकून घ्या."

रेवाताई तिथेही गेल्या. हसू नका. अडलेली आई काय काय करून बघते, ते तुम्हाला ठाऊक नाही. वाळू वीतभर होती. खाली पत्रा. वर फिनेलचा वास, आणि बाजूला प्लॅस्टिकचं नारळाचं झाड. त्यांनी पाय रोवून एकदा खणलं. पत्रा खरखरला.

त्या खाली आल्या आणि कठड्यापाशी उभ्या राहिल्या. पहिल्या गटाच्या होड्या किनाऱ्याला लागत होत्या.

"कठड्याला टेकायचं नाही," मागून सर म्हणाले. "वर्गात सांगितलं होतं."

"सर, हे खाली काय आहे?"

"समुद्र."

"आणि मी?"

सरांनी यादीत बघितलं. "तुम्ही दुसरा गट."

रेवाताईंनी टोपी काढून सरांच्या हातात दिली आणि उडी मारली.

केवढा गोंधळ झाला म्हणून सांगू! भोंगा वाजला. वरून रबरी चाकं पडू लागली. त्यातलं एक रेवाताईंच्या पाठीवर आपटलं आणि उडून दूर गेलं.

"अहो, जॅकेट तरी घाला!" कोल्हेसर ओरडले.

रेवाताईंनी डोकं वर काढलं. किती दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता.

"सर, इथे अजिबात हलत नाही हो!" त्या म्हणाल्या आणि खोल गेल्या.

सगळ्यांनी वाट बघितली. त्या वर आल्या नाहीत. म्हणजे बुडाल्या, असं सर्वानुमते ठरलं.

किनाऱ्यावर साळिंदरकाका छत्रीखाली बसले होते. त्यांच्यासमोरून एक कासवीण पाण्यातून वर आली, खडकापाशी गेली आणि मागच्या पायांनी खोल खड्डा खणू लागली. डोक्यावर पिवळी टोपी नव्हती, त्यामुळे काकांनी तिला ओळखलं नाही.

"बघा काकू, आपल्या पाळीला बाहेरचे लोक घुसतात," ते म्हणाले.

"आणि वाळू उडवतात," घोरपडकाकू चप्पल झटकत म्हणाल्या.

कासविणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने एकेक अंडं खड्ड्यात सोडलं. मग वरून वाळू ओढली आणि पोटाने हलकेच दाबून सारखी केली, आईने शिकवल्यासारखी. तेवढ्यात भोंगा झाला आणि सगळे होड्यांकडे पळाले, कारण जहाज कुणासाठी थांबत नाही. कोल्हेसरांच्या वर्गातली ही एकच गोष्ट खरी निघाली.

संध्याकाळी जहाजाच्या नाट्यगृहात शोकसभा झाली. नाट्यगृहाला खिडक्या नव्हत्या. पडद्यावर रेवाताईंचा पिवळ्या टोपीतला फोटो. कोल्हेसर माईकपाशी गेले.

"समुद्राने आपल्यातून एक उमदा प्रवासी हिरावून नेला," ते म्हणाले. "पाण्यापासून दूर राहा, असं मी परोपरीने सांगत होतो."

सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. मग साळिंदरकाकांनी हात वर केला.

"सर, उद्या बाल्कनीची खोली रेवाची होती ना? ती आता कुणाची?"

"मागची खोली माझी आहे, म्हणजे माझी!" घोरपडकाकू म्हणाल्या.

"काकू, ती अजून गेलीही नाही आपल्या मनातून!" काका म्हणाले.

"म्हणूनच म्हणते, मी तिच्या जवळची!"

भांडण जेवणाच्या दालनापर्यंत गेलं आणि तिथे ताटांच्या आवाजात चालू राहिलं.

बाहेर ऊन उतरलं होतं. जहाजाच्या अगदी कडेने, त्या रिकाम्या बाल्कनीखालून, रेवाताई हलक्या पोटाने घराकडे पोहत निघाल्या होत्या. वर कठड्यापाशी कुणीही नव्हतं.

तात्पर्य, मुलांनो, पाठच करा: समुद्राच्या सहलीला पोहता येणाऱ्यांना मुळीच नेऊ नये. ते खरोखर समुद्रात जातात, आणि मग बाकीच्यांना उगाच दोन मिनिटं उभं राहावं लागतं.