दोन पावसाळ्यांची हळद

बियांच्या तेलांच्या बाबतीत अख्ख्या ठाणे जिल्ह्यात माझा हात धरणारा माणूस नाही. हे मी गर्वाने सांगत नाही, आईने वैतागून केलेलं विधान आहे. आमच्या बाळकुमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या ओट्यावर माझ्या सतरा बाटल्या उभ्या असायच्या. जवस, करडई, कलौंजी, भोपळ्याच्या बिया, द्राक्षाच्या बिया! फोडणी टाकण्याआधी आई मला हाक मारायची, "सुश्रुत, ह्यातलं खायचं कुठलं आणि फासायचं कुठलं?"

तेलावर माझी श्रद्धा आहे. तेलाची माझ्यावर आहे की नाही, हे आता सांगतो.

साखरपुड्याच्या दिवशी मी केसांना चमक यावी म्हणून जवस उकळून त्याची जेल लावली होती. चमक आली. पण कंगवा आत असतानाच जेल वाळली. सगळ्या फोटोंमध्ये माझ्या डोक्यात मागच्या बाजूने एक निळा कंगवा आहे. अंगठी घालताना कादंबरीने तो पाहिला आणि काही बोलली नाही. ती डोंबिवलीची आहे, बँकेत नोकरीला आहे, बोलायचं ते नीट विचार करून नंतर बोलते.

नंतर म्हणजे लग्नाच्या आठ दिवस आधी, फडके रोडवर, कॉफी पिताना.

"सुश्रुत, शपथ घे."

"कसली?"

"हळदीपासून सप्तपदीपर्यंत तुझं कुठलंही तेल माझ्या अंगाला लागता कामा नये. एक थेंबसुद्धा! लागलं तर मी बोहल्यावरून खाली उतरेन. मी चेष्टा करत नाहीये."

ती चेष्टा करत नव्हती. मी कॉफीच्या कपावर हात ठेवून शपथ घेतली. आणि सांगतो, शपथ मोडायचा माझा काडीचाही विचार नव्हता. मी फक्त *माझ्या* हळदीत तेल घालणार होतो.

त्यासाठी खास एक बाटली मागवली होती. तीस मिलिलिटर, काळी काच, सोनेरी झाकण. किंमत सांगत नाही, कादंबरीही हे वाचणार आहे. लेबलवर लिहिलं होतं की एका दूरच्या बेटावरच्या बायका हजारो वर्षं ह्या दुर्मीळ बियांचं तेल चेहऱ्याला लावतात आणि त्यांना सुरकुत्या म्हणजे काय ते ठाऊकच नाही.

हळद सकाळी नऊ वाजता, सोसायटीच्या गच्चीवर. आई पितळी पातेल्यात हळद कालवत होती. मी ती बाटली अशी बाहेर काढली, जणू काही समुद्रमंथनातून मीच वर आलोय! झाकण उघडलं. आणि शेजारी खुर्चीवर बसलेल्या गुणाजीकाकांनी नाक वर केलं.

गुणाजीकाका जुन्या बाळकुम गावातले. आमची बिल्डिंग व्हायच्या आधी इथे त्यांचं शेत होतं, आणि खाडीत त्यांची होडी अजून आहे. बाबांचे मित्र.

"आरं पोरा," काका म्हणाले, "यो त उंडेल!"

"नाही काका, हे बेटावरचं आहे."

"कनचा बेट? उंडीच्या बियांचा तेल हाय ह्यो. माझ्या आंगनान झाड हाय. आमी होरीला लावताव!"

गच्चीवरचे सगळे हसले. माझा चेहरा तेल न लावताच चमकला. पण मी हार मानणारा माणूस नाही. "म्हणजे उत्तमच की! होडी इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात राहते आणि सुरकुती आहे का तिला?"

काकांना हे पटलं. इतकं पटलं की ते उठलेच. "मंग ह्या थेंबान काय व्हनार? माझ्याकर डबा हाय. घेऊन येतंव."

दहा मिनिटांत ते पाच लिटरचा डबा घेऊन आले. फुकट! दाट, हिरवट, काळपट तेल. मी अर्धा डबा पातेल्यात ओतला.

"हळद हिरवी का दिसत्ये रे?" आईने विचारलं.

"सेंद्रिय आहे," मी म्हणालो.

मग मला ती लावण्यात आली. कपाळ, गाल, मान, कान, कानाच्या मागे, हात, पाय. माझी बहीण मैथिली आणि तिच्या मैत्रिणींनी लहानपणापासूनचे सगळे हिशेब त्या दिवशी चुकते केले. मी डोळे मिटून बसलो होतो. आत कुठेतरी झिरपतंय असं वाटत होतं. झिरपत होतंच.

अर्ध्या तासाने आंघोळीला गेलो. नळ सोडला. पाणी आलं, अंगावर पडलं, आणि अळूच्या पानावरून घरंगळावं तसं थेंब थेंब होऊन खाली गेलं. मी कोरडा! बादलीभर पाणी डोक्यावर ओतलं. फरशी भिजली, मी नाही.

साबण लावला. तुम्ही कधी हळदीच्या डागाला साबण लावलाय? लाल होतो. मीही झालो. आता मी कानापर्यंत हिरवट पिवळा आणि त्यावर मधून मधून लाल होतो. एखादा नकाशा असतो ना, भात कुठे पिकतो, ज्वारी कुठे पिकते, तसा.

टॉवेल गुंडाळून मी गच्चीवर धावलो.

"काका! पाणी लागत नाहीये!"

"लागनार कसा?" काका अभिमानाने म्हणाले. "राल हाय ना त्यान!"

"राळ?"

"उंडेल आन राल, उकलून एक केलेला. होरीच्या फल्यांना लावाचा. पानी आत येयाची हिंमत नाय."

"तुम्ही आधी सांगितलं का नाही?"

"तू इचारलास काय? तू बोललास होरीसारखा व्हायचा हाय."

मी असं बोललो नव्हतो. पण अर्थ तोच होता. मी घसा खाकरला. "किती दिवस टिकतं?"

काकांनी माझ्या गालावर अंगठा घासून पाहिला. समाधानाने मान हलवली. "दोन पावसाले हलत नाय."

"आणि काढायचं झालं तर?"

"रॉकेल लावून खरवडाचा."

इथपर्यंत मी खचलो होतो, पण उभा होतो. ठीक आहे, मी पिवळा नवरा होईन. जगात याहून वाईट नवरे असतात. मग माझी नजर पातेल्याकडे गेली. पातेलं रिकामं होतं.

"आई, उरलेली हळद कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? उष्टी हळद नको का नवरीला पाठवायला? परशुराममामा आणि मैथिली घेऊन गेले की. पाऊण तास झाला."

सतरा बाटल्यांची लेबलं पाठ असलेल्या माणसाला एवढी एक गोष्ट आठवली नव्हती! नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लावतात. घरोघर. पिढ्यानपिढ्या. मी गच्चीवरच खाली बसलो. टॉवेल चिकटला.

मामाला फोन केला. कट. पुन्हा केला. पुन्हा कट. तिसऱ्यांदा मामाने मेसेज पाठवला: 'उद्यापर्यंत धीर धर.' आणि पुढे डोळा मारणारा चेहरा. मैथिलीला फोन लावला, तो आमच्याच हॉलमध्ये चार्जिंगला वाजला.

मी शर्ट चढवून दाराकडे पळालो. आई दारात दोन्ही हात पसरून उभी.

"हळद लागल्यावर नवऱ्याने घराबाहेर पाऊल टाकायचं नसतं!"

"आई, ही हळद दोन पावसाळे निघणार नाहीये. तोवर मी घरातच?"

"बस मग!"

मामा कशेळीच्या पुलावर अडकलाय, अशी मी मनातल्या मनात प्रार्थना केली. रोज तिथे तासभर ट्रॅफिक असतो. त्या दिवशी नव्हता. देवाला माझ्या चेहऱ्यावरून मी ओळखू आलो नसणार.

कादंबरीचा फोन तिच्या चुलत बहिणीने, वल्लरीने उचलला. मागे सनई, बायकांचा गलका.

"जिजू! तिच्या हाताला मेंदी आहे, ती बोलणार नाही!"

"वल्लरी, हळद पोचली का?"

"आत्ताच! काय मस्त डबा सजवलाय! त्र्यंबककाका आधी गणपतीला लावतायत, मग ताईला."

"लावू नका!" मी ओरडलो. "कादंबरीला हळद लावू नका!"

तिकडची सनई थांबली. आता तुम्हीच सांगा, लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्याचा फोन येतो की नवरीला हळद लावू नका. माणसं काय समजणार? मला हे कळलं तोवर वल्लरीने रडत रडत सगळ्यांना सांगितलंही होतं. "जिजू नाही म्हणतायत!"

वल्लरीने फोन सासऱ्यांच्या कानाशी धरला. त्र्यंबकराव ठाण्याच्या कोर्टात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेत. डोक्यावर एक केस नाही, बोलण्यात एक शब्द जास्त नाही.

"सुश्रुतराव. नकाराचं कारण लेखी द्या."

"बाबा, नकार नाहीये!"

"मग हरकत कशाला आहे?"

खरं सांगावं तर शपथ मोडली, ती बोहल्यावरून उतरणार. न सांगावं तर ती बोहल्यावर चढणारच नाही. मी मधला मार्ग काढला. असे मार्ग मला नेहमी सुचतात.

"मुहूर्त... मुहूर्त जरा चुकलाय असं गुरुजी म्हणत होते."

"गुरुजी माझ्या शेजारी बसलेत," त्र्यंबकराव म्हणाले.

मग कोणीतरी हुंदका दिला. मग कादंबरीचा आवाज आला. मेंदीचे हात वर धरून तिने वल्लरीला फोन कानाशी धरायला लावला असणार.

"सुश्रुत, एकदाच विचारते. दुसरी कोणी आहे का?"

तिचा आवाज कापत होता. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. कंगव्याच्या वेळीही नाही. खोटं बोलायची माझी सगळी ताकद तिथेच संपली.

"कोणी नाही गं. तेल आहे."

"कसलं?"

"बियांचं."

"किती?"

"अडीच लिटर."

"सुश्रुत!"

"मी फक्त माझ्या हळदीत घातलं होतं! उष्टी हळद मी विसरलो. त्यात राळ आहे, ते होडीचं आहे, ते निघत नाही, मी सकाळपासून पिवळा आहे. तू हवं तर उद्या उतर बोहल्यावरून. पण ती हळद तुला लावून घेऊ नकोस. प्लीज."

मी भिंतीला टेकलो. भिंतीवरचा तो डाग अजून आहे, आईने त्यावर कॅलेंडर लावलंय.

"मला लागलेली नाही," शेवटी ती म्हणाली. "वाटी समोर आली होती. तेवढ्यात तुझा फोन आला."

"थँक गॉड!"

"थांब. बाबांचे दोन्ही हात हळदीत होते. तू मुहूर्ताचं बोललास तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला."

"एक?"

"दोन्ही."

त्र्यंबकरावांच्या त्या गुळगुळीत, निष्पाप डोक्यावर!

त्या दिवशी दुपारभर आईने माझ्यावर इलाज केले. ताक लावलं, लिंबू चोळलं. शेवटी तेल शोषून घेईल म्हणून डाळीचं पीठ लावलं. ते चिकटलं. आता मी तळायला तयार होतो.

लग्न दुसऱ्या दिवशी, अकरा सत्तेचाळीसला, डोंबिवलीतल्या हॉलमध्ये. अंतरपाटाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कादंबरी, आणि तिच्या मागे टोपी घट्ट दाबून उभे त्र्यंबकराव. ती अजून उतरली नव्हती, पण नक्की काय ते बोललीही नव्हती. विचार करून नंतर बोलते, हे मी सांगितलंच.

मंगलाष्टकं सुरू झाली. व्हिडिओवाल्याने दोन मोठे दिवे माझ्या तोंडावर लावले. राळेला उष्णता मिळाली की ती काय करते, हे लेबलवर नव्हतं. राळ मऊ होते. चिकट होते.

"शुभमंगल सावधान!"

चारशे माणसांनी अक्षता टाकल्या. खाली एकही दाणा पडला नाही. कपाळ, नाक, पापण्या, दोन्ही गाल! पाचव्या मंगलाष्टकापर्यंत मी संक्रांतीचा काटेरी हलवा झालो होतो.

अंतरपाट दूर झाला. कादंबरीने माझ्याकडे पाहिलं. मग मागे वळून पाहिलं, तर त्र्यंबकरावांनी मंगलाष्टकं चालू असतानाच घाम पुसायला टोपी काढली होती आणि त्यांच्या डोक्यावर अक्षतांचं भरघोस पीक उभं होतं. तिचे ओठ थरथरले. रडते की काय? ती रडत नव्हती. तिने हार माझ्या गळ्यात टाकला, तोही चिकटला, आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "शपथ पाळलीस. एक थेंब लागला नाही."

जेवणाच्या पंगतीत नाव घ्यायचा आग्रह झाला. ती उभी राहिली आणि तिने खणखणीत आवाजात नाव घेतलं:

"खाडीतल्या होडीला उंडेल लावतात, पाणी शिरू नये म्हणून,
सुश्रुतरावांच्या होडीत बसते, बुडणार हे जाणून!"

सगळ्यात जोरात टाळ्या गुणाजीकाकांनी वाजवल्या.

ह्याला आता सात महिने झाले. त्या सतरा बाटल्या कादंबरीने गृहप्रवेशाच्या दिवशीच बांधून माळ्यावर टाकल्या. मला ऑफिसात अजून कोणीतरी रोज विचारतं, कावीळ कशी आहे. आणि दर रविवारी सकाळी, आंघोळ झाली की, त्र्यंबकरावांचा फोन येतो. एकच प्रश्न.

"सुश्रुतराव, किती?"

"बाबा," मी म्हणतो, "एक पावसाळा चालू आहे. एक बाकी."