पिंपळशेंडे काकांचं वाढतं गाव

पिंपळशेंडे काकांना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या गणपतीत अख्खं मंडळ जेवायला बसतं, तेव्हा काका एका हातात ताटली आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन रांगांमधून फिरत असतात. मोबाइलवर घरांचे फोटो. समोरच्याने मसालेभाताचा मोठा घास तोंडात घातला की त्यांचं काम सुरू, कारण भरल्या तोंडाने नाही म्हणता येत नाही.

"चार बेडरूम, मागं तळं, तळ्यात मासे. कधी येऊन राहिले मग राहायला?"

काका इस्टेट एजंट नाहीत. ते चंद्रपूरचे, खाणीतले इंजिनिअर. मिनेसोटाच्या पार उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीजवळ लोखंडाची खाण आहे, तिथे तरुणपणी आले आणि तिथेच रिटायर झाले. मधल्या काळात खाणीचं काम घटलं, पोरं दक्षिणेकडे पांगली, शाळेचा अर्धा भाग बंद झाला, बँक गेली. हे सगळ्यांना दिसतं. काकांना दिसत नाही. ते भेटले की खांद्यावर थाप मारून सांगतात, "गाव वाढून राहिलं, बावा!"

पुरावा विचारला की तोही तयार. "नवीन कॅफे उघडला ना!" म्हणजे बंद पडलेलाच पुन्हा उघडलेला असतो. मध्ये तिथे निकेलची नवी खाण काढायची टूम निघाली. रोजगार येईल म्हणून अर्धं गाव खूश, तळी नासतील म्हणून अर्धं संतापलेलं. काका दोन्ही बाजूंच्या सभांना गेले, दोन्हीकडे टाळ्या वाजवून आले. मी म्हटलं, "काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?"

"मी गर्दीच्या बाजूनं. हॉल भरलेला दिसला पाहिजे."

काकू मात्र हल्ली त्यांच्याबरोबर नसायच्या. विचारलं तर एकच उत्तर. "शालू दूर दुसऱ्या राज्यात, चँडलरला गेली पोराकडे. येऊन राहिली आता." असं म्हणून ते लगेच दुसऱ्या रांगेत सटकायचे.

मागच्या डिसेंबरात आम्हीच त्यांच्या तावडीत सापडलो. माझी बायको मुग्धा डॉक्टर. तिची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, संपत आलेली. डॉक्टर नसलेल्या आडगावात काही वर्षं नोकरी केली तर व्हिसाचा प्रश्न सुटतो, हे काकांना आमच्याआधी ठाऊक होतं. त्यांच्या गावच्या क्लिनिकला कित्येक महिने डॉक्टर नव्हता, आणि आता न मिळाला तर ते कायमचं बंद होणार होतं. रोज फोन. शेवटी फोनला कंटाळून आम्ही गाडी काढली.

क्लिनिक मुग्धाला आवडलं. बाहेर आलो तर चार वाजताच दिवेलागण झालेली. काकांनी आम्हाला त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं. "तुम्ही गल्ली पाहून घ्या, मी आलोच," म्हणून ते तुरुतुरु निघूनही गेले. बर्फात दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्या पिवळ्या उजळल्या होत्या. मी चाट पडलो. गाव खरंच भरलेलं दिसत होतं.

घर पाहण्याआधी शेजार पाहायचा, ही मुग्धाच्या आईची शिकवण. त्यामुळे ती बेसनलाडवांचा डबा घेऊनच आली होती. तिने पहिल्या घराची बेल वाजवली. आत रेडिओ चालू, दार बंद. दुसरं घर, तेच. तिसऱ्या दारात ती इतका वेळ उभी राहिली, की तिच्या पापण्यांवर बर्फ साचलं. परत आली ती तणतणतच.

"आत लाइट चालू, गाणी चालू, आणि दार उघडत नाहीत! किती रूड आहेत यार हे लोक! मी इथे नाही राहणार. कॅन्सल कर."

तेवढ्यात काका आले. हातात किल्ल्यांचा हा मोठा जुडगा. मी त्यांना घडलेलं सांगितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"उघडणार कोण, बावा? आत माणूस असलं तर ना."

गाव सोडून गेलेला प्रत्येक जण जाताना काकांकडे किल्ली देऊन गेला होता. घर विकलं जाईपर्यंत हीटर बघा, पाइप गोठू देऊ नका, एवढंच काम. काकांनी त्यात आपलं चंद्रपूर घातलं. तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवायचं नाही. म्हणून रोज संध्याकाळी ते घरोघर जाऊन दिवे लावत होते आणि सोबतीला रेडिओ. नव्या माणसाला गल्ली ओकीबोकी दिसू नये म्हणून. आत्ताही ते मागच्या गल्लीतले दिवे लावूनच आले होते. आणि नेमकं त्यापायीच हातातोंडाशी आलेली डॉक्टर परत निघाली होती.

मला हसू येत होतं, तेवढ्यात कोपऱ्यावरचं घर दिसलं. गल्लीत तेवढंच काळंकुट्ट.

"ते कुणाचं?" मुग्धाने विचारलं.

"माझं." काका किल्ल्या चाचपत राहिले. "तिथला दिवा शालू लावते. तिच्या छातीत दुखलं तेव्हा इथं डॉक्टर नव्हता. मोठं हॉस्पिटल दोन तासांवर, त्यात वादळ. वाचली कशीतरी. पोरगा घेऊन गेला तिला. तिचाही जीव रमत नाही तिकडं. म्हणते, डॉक्टर आला की येते."

ही सगळी वणवण, या सभा, हे फोटो एका माणसासाठी होते, आणि आम्ही इतकी वर्षं त्यांना पाहिलं की ताट घेऊन दुसरीकडे सरकत होतो.

आम्ही त्यांच्या घरात गेलो. खिडकीतून येणाऱ्या शेजारच्या उजेडात ते चहाचं भांडं शोधायला लागले. माझा हात दिव्याच्या बटणाकडे गेला, तर मुग्धाने तो धरला. मग ती काकांना म्हणाली, "काका, चहा राहू द्या. काकूंना फोन लावा आणि कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारा."

"काऊन?"

"पेशंट इथे राहायला यायच्या आधी मला कळायला नको?"

काकांनी खुर्ची ओढली आणि बसले. कोट न काढता, टोपी न काढता, अगदी पाठ टेकून बसले आणि चँडलरचा नंबर लावला.

"शालू, ऐकून राहिली का? गाव वाढून राहिलं वो."